डाव्या अंगाची खिडकी

कुणीतरी परगावी निघालंय एवढं कानावर पडायचा अवकाश, आमच्या मालकांचा प्रश्न ठरलेला असे. कुठं चाललात, कशाला चाललात, परत कधी येणार, यातलं ते काहीही विचारत नसत. "कुटल्या अंगाला बसनार?" एवढंच. 'मिळेल तिथं बसू' असं उत्तर दिलं की ते आपल्याकडं अशा नजरेनं बघत, की जणू आपण 'मिळेल त्या मुलीशी लग्न करू' असं म्हणालो आहोत. आणि मग त्या माणसाची सुटका नसे.

मालक म्हणजे माझे सोलापुरातले घरमालक. बँकेनं बदली करून मला तिकडं धाडलं तेव्हा मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. उभा जन्म चादरींच्या दुकानात घालवून, दुकान पुतण्याच्या गळ्यात मारून ते मोकळे झाले होते. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, कपाळाला विभूती, मान आखूड आणि डोकं चांगलं ऐसपैस. त्या डोक्याचा आकार मुद्दाम सांगतो आहे, कारण खिडकीत ते एकदा बसलं की दुसऱ्या कुणाला खिडकी उरत नसे.

खिडकी ही नशिबानं मिळत नाही, डोकं चालवून मिळवावी लागते, असं त्यांचं म्हणणं. सकाळच्या गाडीनं बार्शीला जाणाऱ्यानं डावीकडं बसायचं, कारण ऊन उजवीकडून येतं. संध्याकाळी परत येताना? "परत डावीकडंच! इचार करा की जरा!" मी विचार करत नसे. मला बार्शीला जायचंच नसे. पण विचार केल्याशिवाय ते जिन्यावरून हलत नसत, आणि बँकेत दहाच्या ठोक्याला सही करायची असे. त्यांच्यापायी किती वेळा तरी मी लाल शाईत सही केली आहे.

एकदा मी पुण्याला मुलगी बघायला निघालो होतो. मालक स्टँडवर आले. नको नको म्हणत असताना आले. गाडी फलाटाला लागते न लागते तोच त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खिडकीतून नेमक्या जागेवर फेकली. सोलापूरच्या स्टँडवर टोपी, उपरणं, पिशवी जे काही खिडकीतून आत पडेल त्याची जागा, हा कायदा कंडक्टरपासून हमालापर्यंत सगळे मानत. मग ते स्वतः आत जाऊन त्या जागेवर बसले. ऊन येतं का, वारं लागतं का, मागच्याच्या कोपराचा त्रास होतो का, हे बसून बघितल्याशिवाय ते जागा ताब्यात देत नसत. मी शेजारी उभा. गाडी भरली. ते मला मोहोळच्या अलीकडं ऊन कसं फिरतं ते सांगत होते. गाडी सुटली. कंडक्टर म्हणाला, "आता मोहोळलाच उतरा, काका." मोहोळपर्यंत ते खिडकीशी बसून गेले आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या डोक्यावर उभा राहून गेलो. मोहोळला उतरताना म्हणाले, "बगितलं? म्हटलं न्हवतं, ऊन येत न्हाय म्हणून?" मुलीकडच्यांनी नंतर नकार कळवला. त्यात मालकांचा हात नसेलही, पण चुरगळलेल्या शर्टात मी काही फारसा उठून दिसलो नसणार.

त्यांच्या पत्नीला सगळी पेठ अक्का म्हणे. मीही म्हणत असे. किरकोळ अंगाची, कामाला वाघीण आणि बोलायला बेताची बाई. मालक बाहेरच्या खोलीत उन्हाचं आणि दिशांचं व्याख्यान देत असले की आतून तिच्या भाकरी थापण्याचा आवाज येई. व्याख्यान रंगलं की तो आवाज वाढे, एवढीच तिची टीका.

एकदा त्या दोघांना नात्यातल्या लग्नासाठी पुण्याला जायचं होतं आणि मीही तिथंच माझ्या घरी निघालो होतो. रेल्वेच्या एकाच डब्यात बसलो. मालक अर्थातच खिडकीत, अक्का त्यांच्या शेजारी, आणि मी समोरच्या खिडकीत. माझ्या खिडकीची त्यांनी मनापासून कीव केली. "उलटी खिडकी. ह्यात गेल्यालं दिसतंय, येनारं दिसत न्हाय." मी अक्कांना माझी जागा देऊ केली. मालक म्हणाले, "नको, उलट्या तोंडानं तिला मळमळतंय." अक्का कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "मला कदी मळमळलंय?" पण मालकांचं लक्ष नव्हतं. जेऊर जवळ आलं होतं.

"जेऊर ग्येलं. आता बघ भीमा," असं म्हणून त्यांनी दोन्ही कोपरं खिडकीत रोवली आणि डोकं गजांना लावलं. पूल आला. सगळा डबा खडखडायला लागला. मालक पाण्याबद्दल, वाळूबद्दल, पाण्यात उभ्या म्हशींबद्दल मोठमोठ्यानं सांगत होते. अक्का मान एकदा त्यांच्या खांद्यावरून, एकदा काखेखालून वळवून बघत होत्या. पूल संपला. मालक आत वळून म्हणाले, "बगितलीस का?"

"बगितली की," अक्का म्हणाल्या.

पुढच्या स्टेशनावर ते पाण्याला उतरले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "भाऊ, लगीन झाल्यापासनं मी ह्येंचा कान बगत आलीय. उजवा बी पाट हाय मला, डावा बी." आणि मग हळूच विचारलं, "लई रुंद असती का वो भीमा?"

मला त्या दिवशी मालकांचा जो राग आला तो पुण्यापर्यंत उतरला नाही. बरं, माणूस दुष्ट असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांची खरोखरच अशी समजूत होती, की आपण बघून तिला सांगितलं म्हणजे तिनं बघितलं.

आता बार्शीचं सांगतो. अक्कांचं माहेर बार्शीचं. थोरल्या भावाची तिथं धान्याची आडत. मी सोलापुरात येण्याच्या काही वर्षं आधी त्या भावानं जीप घेतली आणि बहीण-मेव्हण्याला तुळजापूरला देवीच्या दर्शनाला नेलं. पुढं ड्रायव्हरशेजारी, म्हणजे कडेच्या हवेशीर जागेवर, लातूरचा कुणी बडा व्यापारी बसला. जावई मागं. जीपला मागं खिडकी नसते, ताडपत्री असते. जाताना मालक गप्प होते, देवीसमोर गप्प होते, येताना गप्प होते. बार्शीत उतरल्यावर एकच वाक्य बोलले, "जावयाला ताडपत्रीत गुंडाळून आनलंस." त्यानंतर त्यांनी त्या घराची पायरी चढली नाही.

आणि मालकांनी नाही चढली म्हणजे अक्कांनीही नाही. दरवर्षी नागपंचमीला भाऊ बहिणीला न्यायला माणूस पाठवी. मालक त्याला बसवून घेत, पोहे खाऊ घालत, येताना तो यष्टीत कुठल्या अंगाला बसला होता याची चौकशी करत आणि जाताना चांगली खिडकी धरून देऊन एकट्याला परत पाठवत. मी एकदा न राहवून म्हणालो, "मालक, तुमचं भांडण तुमच्यापाशी. अक्कांना तरी जाऊ द्या."

"मी कुटं अडीवलंय?" मालक आश्चर्यानं म्हणाले. "जा म्हणा की. पर ती गेली म्हंजे मी ग्येल्यागतच झालं. आन मी तर जानार न्हाय."

 असल्या माणसांपुढं आपण भिंतीवर डोकं आपटून घेतलं तरी त्यांना भिंतीचीच काळजी वाटते.

आणि हेच मालक एक दिवस बार्शीला जाऊन आले! झालं असं, की मुंबईहून हैदराबादला जाणारं विमान आपल्या जिल्ह्यावरून जातं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. बार्शीवरून जातं की सोलापूरवरून, हे सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. मालकांची झोप उडाली. दोन दिवस गच्चीवर बसून त्यांनी आभाळ पाहिलं. सोलापूरवर घारी होत्या, विमान नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं, डाव्या अंगाला बसून, ते बार्शीला गेले. स्टँडवर उभं राहून त्यांनी विमान पाहिलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

"बार्शीच्या दक्षिनेच्या अंगानं जातंय!" जिन्याखालूनच ओरडले. "म्हंजे हैदराबादला जानाऱ्याला बार्शी डावीकडं ऱ्हाती आन सोलापूर उजवीकडं. उजवीकडं बसायचं!"

"मालक, तुम्ही बार्शीला गेला होता?" मी विचारलं.

"बार्शीला न्हाय. बार्शीच्या स्टँडवर."

स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ तसंच. "स्टँड काय सोलापुरात हाय व्हय?" एवढं बोलून आत गेल्या. नंतर जिन्यात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "बगा भाऊ. इमान बगाय बार्शीची वाट सापडती. मला न्यायची सापडत न्हाय."

मालकांना मात्र आता नवं काम मिळालं. आयुष्यात विमानात पाय न ठेवलेला हा माणूस विमानानं जाणाऱ्यांना गाठून उजवीकडं बसायला सांगू लागला. पंखाच्या मागं बसा, पंखावर बसलात तर पंखच दिसेल. सकाळी ऊन लागेल, पण सोलापूर पाहिजे तर ऊन सोसा. आमच्या पेठेतले डॉक्टर कसल्याशा परिषदेला विमानानं हैदराबादला जाऊन आले. मालक तपासून घ्यायच्या निमित्तानं गेले आणि विचारलं, "दिसलं का?" डॉक्टर म्हणाले, "मला झोप लागली हो." मालकांनी डॉक्टर बदलला.

शेवटी जे व्हायचं ते झालं. त्यांच्या लेकीनं हैदराबादला घर बांधलं आणि वास्तुशांतीचं बोलावणं आलं. त्याच सुमाराला बँकेनं मला ट्रेनिंगसाठी हैदराबादला पाठवायचं ठरवलं. सोलापुरात संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. पण मालक वर आले आणि कॉटवर बसून म्हणाले, "मुंबईला जायाचं आन तितनं इमानानं हैदराबादला जायाचं."

"म्हणजे उलटं रात्रभर मुंबईला जायचं, आणि तिथून परत सोलापूरवरूनच उडत जायचं?"

"व्हय. तुमचं तिकीट माजं. तुमी फकस्त पळायचं."

विमानातल्या जागांना नंबर नसतात, आधी शिरेल त्याची खिडकी, असं त्यांना डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून कळलं होतं. म्हणजे यष्टीसारखंच. त्यांचे गुडघे धरलेले. म्हणून पळायला तरणा माणूस हवा होता, आणि तो भाडेकरू असला तर नाही म्हणत नाही. मी चिडून म्हणालो, "मालक, हा शुद्ध वेडेपणा आहे. गाडीतूनही सोलापूर दिसतं."

"दिसतंय. पर आख्खं दिसत न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, जलमलो हितं, धंदा केला हितं, घर बांदलं हितं. आपलं गाव आख्खं असं एकदा बी बगाय नको?"

मी पायजमा-शर्टाच्या घड्या घालायला लागलो.

निघायच्या दिवशी अक्का कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधत होत्या. मालक अंगणात टांगेवाल्याशी घोडा कुठल्या रस्त्यानं न्यायचा यावर वाद घालत होते. अक्कांनी मला हाक मारली. "भाऊ, जागा तुमीच धरनार न्हवं का?"

"हो. उजवीकडची. मालकांनी पाठ करून घेतलीय."

"त्येंना उजवीकडची धरा. मला डावीकडची धरा."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. उजवीकडं सोलापूर, डावीकडं बार्शी. इतकी वर्षं भाकरी थापता थापता त्या बाईनं ते सगळं व्याख्यान ऐकलं होतं आणि आपल्याला हवी ती दिशा काढून घेतली होती. मी म्हणालो, "पण अक्का, मालक काय म्हणतील? तुम्ही दोघं वेगवेगळे?"

"नवराबायकूनं एकाच अंगाला बसावं असं कुटं लिवलंय?" भाकरीचं फडकं त्यांनी गच्च आवळलं. "जायाला मिळत न्हाय तर वरनं तरी बगू द्या. मला वरनं बी पुरतंय."

मुंबईचा रात्रीचा प्रवास मी सांगत बसत नाही. कर्जतच्या पुढं कुठल्या अंगाला बसायचं यावर त्यांचं तिकीट तपासनिसाशी वाजलं, एवढं सांगितलं तरी पुरे.

सकाळी विमानतळावर आम्हाला दारातून बाहेर सोडलं. लांबवर विमान उभं होतं, पंख्यांचं, लहानसं. कोट-टायवाले लोक सावकाश चालत निघाले. मालकांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला. "पळा की!" एका हातात त्यांची घडी केलेली लाल चादर, दुसऱ्या हातात अक्कांची पिशवी, आणि मी टाय उडवत धावत सुटलो. लोक बाजूला झाले. एका बाईनं मुलाला जवळ ओढून घेतलं. मागं वळून बघितलं तर अक्का पदर खोचून झपाझप येत होत्या, आणि मालक मध्येच थांबून डोळ्यांवर हात धरून सूर्य बघत होते. ऐन वेळी विमानाचं तोंड भलतीकडं असल्यामुळं त्यांना सगळं पुन्हा मांडून बघावं लागत होतं.

विमानात मधे वाट, दोन खुर्च्या इकडं, दोन तिकडं. पंखामागची ओळ बघून मी उजवीकडच्या दोन्ही खुर्च्यांवर चादर पसरली आणि डावीकडच्या खिडकीवर पिशवी ठेवली. हवाई सुंदरी मागून आली. "ये क्या कर रहे हैं आप?"

"आदमी आ रहा है," मी धापा टाकत म्हणालो. यष्टीत हेच म्हणतात.

तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ आले, त्यांनी वाटेकडच्या खुर्चीवरची चादर शांतपणे उचलली, खाली बसले आणि चादर गुडघ्यांवर घेतली. विमानवाल्यांनी दिली असंच त्यांना वाटलं असावं. अक्का आल्या आणि एक शब्द न बोलता डावीकडं खिडकीशी जाऊन बसल्या. मी त्यांच्या शेजारी. सगळ्यांत शेवटी मालक आले. उजवीकडची खिडकी मोकळी बघून त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी इकडं बघितलं.

"अगं, तू तिकडं काय करतीस?"

"बसलीय," अक्का म्हणाल्या.

पट्टे बांधायचा हुकूम झाला, दार लागलं. मालकांना खिडकी सोडवेना आणि अक्का उठेनात. मालक बसले.

विमान उडालं. मालकांच्या तोंडून सवयीनं "हे बघ" निघालं आणि ते शेजारी वळले. शेजारी गृहस्थ सोलापुरी चादर हनुवटीपर्यंत ओढून झोपले होते. "समुद्र!" मालक त्यांना म्हणाले. गृहस्थांनी एक डोळा उघडला, "यस, यस," म्हणाले आणि मिटला. मालकांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. घाट दाखवला, एक धरण दाखवलं. शेवटी त्या गृहस्थांच्या पोटावरून मान पुढं काढून ते मला सांगू लागले, आणि मी अक्कांना. माझ्या नशिबी पोस्टमनची नोकरी आली.

"भीमा आली म्हणतात," मी म्हणालो.

अक्कांचं कपाळ काचेला टेकलेलं होतं. विमान सुटल्यापासून त्यांनी ते काढलंच नव्हतं. "हिकडं बी एक नदी हाय," त्या म्हणाल्या. "त्येंना सांगा."

मी सांगितलं. मालक म्हणाले, "कुटली?"

"कुठली विचारतात, अक्का."

"मला काय ठाव? माजी पैलीच नदी हाय."

हे मी पलीकडं पोचवलं.  मालक पुन्हा खिडकीकडं वळले, पण आता त्यांचं लक्ष तिथं लागेना. दर थोड्या वेळानं ते मान वळवून अक्कांकडं बघत. तिथून त्यांना अक्कांचं काय दिसत असेल? अंबाडा, आणि एक कान. मला सांगायला हरकत नाही, मला बरं वाटलं. चांगली खोड मोडली, असं मी मनात म्हणालो.

खाली मातकट रान पसरलेलं होतं, मधेच ज्वारीचे हिरवे तुकडे. एकाएकी मालक पट्टा सोडून अर्धे उभे राहिले. "आलं! सोलापूर आलं! अगं, तळं चमकतंय बघ! किल्ला... न्हाय, किल्ला नसंल, पर तळं हाय!" आख्खं विमान बघायला लागलं. आवाज चिरकला होता त्यांचा. "अगं ए! आपलं सोलापूर!"

"अक्का, सोलापूर आलं," मी म्हणालो. 

"येऊ द्या," अक्का म्हणाल्या. "रोज बगतो की. तुमी गप ऱ्हावा जरा, भाऊ. बार्शी आली."

मी मालकांकडं वळलो. "बार्शी आली म्हणतात."

मालक तसेच वाकून उभे होते. एकदा त्यांनी आपल्या खिडकीकडं बघितलं, एकदा इकडं. मग ते झोपलेल्या गृहस्थांचे गुडघे ओलांडून वाटेत आले आणि आमच्या खुर्चीशी उभे राहिले. माझं डोकं फिरलं. आता हे म्हणणार, ऊठ, मी बघून सांगतो. मी दोन्ही गुडघे समोरच्या खुर्चीला लावून वाट अडवली आणि सोलापूरची सगळी वर्षं आवाजात आणून म्हणालो, "मालक, इथं जागा नाही!"

"जागा कुनाला पायजे?" मालक म्हणाले.

ते माझ्या डोक्यावरून वाकले, अक्कांच्या खुर्चीची पाठ धरली आणि त्यांच्या कानाच्या बाजूनं बाहेर बघू लागले. खाली एक गाव होतं. चार रस्ते येऊन मिळालेले, घरांचा पुंजका, थोडी झाडी. ती बार्शीच होती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण अक्कांना शंका नव्हती आणि मालकांनाही नव्हती.

"त्यो बघ लातूरचा रस्ता," मालकांनी सुरू केलं, "आन ह्यो..."

"मला ठाव हाय," अक्का न वळता म्हणाल्या. "माजं गाव हाय."

 मी मालकांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण बाहेर काही दिसत असताना ते गप्प राहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

अक्कांनी काचेवर बोट टेकवलं. "हितं भगवंताचं देऊळ आसंल. त्याच्या मागं आमची आळी." बोट जरा सरकलं. "वैनीनं गच्चीवर पापड घातलं आसतील. दादा बाजारात ग्येला आसंल." त्या कुणाला सांगत नव्हत्या. पदरानं काच पुसली. काच आतून ओली झाली होती. "दादाचं केस आता पांढरं झालं आसतील का वो?" हे मात्र त्यांनी विचारलं, आणि मला नव्हे.

मालकांच्या कोटाचं बटण माझ्या कानात रुतत होतं. वर बघायची माझी छाती झाली नाही. खूप खालच्या आवाजात ते म्हणाले, "झालं आसतील."

मला पलीकडची खिडकी दिसत होती. रिकाम्या खुर्चीवर ऊन पडलं होतं. दूरवर ते चमकणारं तळं हळूहळू मागं चाललं होतं. मी म्हणालो, "मालक, सोलापूर चाललं तुमचं. जा, बघून घ्या." त्यांनी ऐकलं नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कोण जाणे.

हवाई सुंदरी पुढून तरातरा आली. तिनं मालकांच्या दंडाला हात लावला. "बाबाजी, प्लीज बैठ जाइए. अपनी सीट पे."

मालक हलले नाहीत. नजर खालच्या गावावरून न काढता, सोलापुरी मराठीतच तिला म्हणाले, "दोन मिन्टं थांबा, बाई. हिचं माहेर चाललंय खालनं."